मकरंद आणि कोळी

"पक्षी येतील अशी बाग लावून द्या," असं सांगणारी माणसं गेल्या काही वर्षांत वाढली आहेत. देवरुख आणि आसपासच्या गावांत मी घराभोवतीच्या बागा आखून देते, रोपं पुरवते आणि ती मातीत नीट रुजेपर्यंत येऊन-जाऊन बघते. पूर्वी मागणी ठरलेली असायची: देवाला फुलं, दाराशी सावली, परसात केळी, अळू आणि गवती चहा. आता मुंबई-पुण्यातून निवृत्त होऊन गावी घर बांधणारे लोक मोबाइल पुढे करतात. त्यात जास्वंदीवर बसलेल्या शिंजिराचा फोटो असतो, उन्हात निळा-जांभळा झळकणारा. "ताई, हा आला पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं असतं. काही जण त्याला हमिंगबर्ड म्हणतात.

हमिंगबर्ड अमेरिकेच्या दोन खंडांबाहेर कुठेच नाहीत. आपल्याकडचा शिंजीर किंवा सूर्यपक्षी अगदी वेगळ्या कुळातला. फुलातला रस पिऊन जगण्याची रीत दोघांनी आपापल्या मुलखात स्वतंत्रपणे साधली. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत रस पितो. शिंजिरालाही ते क्षणभर जमतं, पण त्याची खरी पसंती बसून पिण्याला. बाग लावणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. नुसतं फूल असून भागत नाही, फुलाजवळ पाय टेकायला काडी लागते. कुंपणाची जास्वंद कात्रीने भिंतीसारखी सपाट कापली, की फुलंही जातात आणि या पक्ष्याची बैठकही जाते.

हे मला कुठल्या अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नाही. घरामागच्या परसात सकाळी वही घेऊन बसण्याची सवय मी कामाचा भाग म्हणूनच लावून घेतली. लोकांना रोप देताना ते कुणाच्या उपयोगी पडतं हे आपल्याला माहीत असावं, एवढाच हेतू होता. कोणत्या झाडावर कोण आलं, फुलाच्या पुढून आलं की मागून, किती वेळ थांबलं, तिथून कुठे गेलं, एवढंच मी टिपत असते. पडवीच्या कडेला बसलं, की समोर जास्वंदीची रांग, तिच्या पलीकडे केळी, उजवीकडे चिऱ्यांच्या गडग्याला लागून शेवगा आणि मागे जुना रायवळ आंबा दिसतो. शिंजिरांचं जवळजवळ सगळं जेवण एवढ्या जागेत चालतं.

परसात नेहमीचे आहेत ते दोन. पंचरंगी शिंजीर वर्षभर, बहुतेक वेळा जोडीने. नराची पाठ तपकिरी-लाल, गळा जांभळा, पोट पिवळं आणि डोक्यावर ऊन पडलं की हिरवी चमक. मादी वरून मातकट, गळ्याला पांढुरकी आणि छातीला फिकी पिवळी. दुसरा जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत याचा नर लांबून काळाच दिसतो आणि मान वळवली की निळा-जांभळा पेटतो. वीण संपली की तो झळाळता पेहराव उतरवतो. मग मादीसारखा पिवळट होतो आणि हनुवटीपासून छातीवर खाली उतरणारा एक काळसर पट्टा तेवढा उरतो. पावसाळ्यानंतर "आमच्याकडचा निळा पक्षी गेला हो," असे फोन येतात, तेव्हा तो बहुधा तिथेच असतो, फक्त वेष पालटलेला असतो.

यांच्याशिवाय परसाच्या मागच्या झाडोऱ्यातून अधूनमधून छोटा शिंजीर येतो. हा फक्त पश्चिम घाटाचा रहिवासी आणि आपल्या शिंजिरांत सर्वांत लहान. लाल गळ्याचा, छातीवर पिवळ्या रेघा असलेला व्हिगोर्सचा शिंजीर मात्र मला भेटतो तो आंबा घाटात, जंगलाच्या कडेला. तोही सह्याद्रीचाच. त्याला माझ्या परसात आणावं असं मला कधी वाटलेलं नाही. त्याचं जंगल शाबूत राहणं, हीच त्याच्यासाठी लावलेली बाग.

जास्वंदीवर शिंजीर कसा खातो, हे नीट पाहण्यासारखं आहे. आपण साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद समोरून पाहतो. शिंजीर तिच्याकडे मागून जातो. देठावर किंवा हिरव्या निदलपुंजावर पाय रोवतो, मान खाली घालतो आणि पाकळ्यांच्या बुडाशी जी बारीक फट असते तिच्यातून वाकडी चोच आत सरकवतो. मकरंद तिथेच साठलेला असतो. फुलाचा तो पुढे आलेला, परागांनी भरलेला दांडा त्याच्या अंगाला लागतसुद्धा नाही. रस घेतला, पण परागकण पुढे नेले नाहीत, असा हा व्यवहार. कर्दळ, हॅमेलिया यांसारख्या नळीदार फुलांवर जांभळा शिंजीर कित्येकदा नळीच्या बुडालाच भोक पाडतो. वहीत मी अशा भेटींपुढे "मागून" एवढा एकच शब्द लिहिते.

चोच ही अर्धीच कहाणी. तिच्या आतून जीभ निघते ती चोचीच्याही पुढे जाणारी, कडा वळून नळी झालेली आणि टोकाला दुभंगलेली. फुलात चोच गेल्यावर गळ्याजवळ जी बारीक थरथर दिसते, ती जिभेच्या हालचालीची. चोचीच्या टोकाजवळ कडांना अगदी सूक्ष्म दाते असतात. ते रसासाठी नाहीत, निसटणारा किडा धरायला आहेत. म्हणजे या चोचीतच त्याच्या दोन्ही जेवणांची सोय आहे. आपल्याला एकच दिसतं, कारण फुलावरचा पक्षी फोटोत छान येतो.

आता रोपांबद्दल. लोक रोपवाटिकेत येतात तेव्हा त्यांचा हात गच्च पाकळ्यांच्या, गुलाबासारख्या दिसणाऱ्या जास्वंदीकडे जातो. ती सुंदर आहे, देवाला वाहायला उत्तम आहे. पण तिच्यात पाकळ्यांचे थरावर थर असतात आणि बुडाशी पोहोचायला वाट सापडत नाही. माझ्या परसात ही जास्वंद आणि साधी लाल जास्वंद शेजारी शेजारी आहेत. शिंजीर गच्च जास्वंदीवर बसतात ते बहुधा पानामागचं काही टिपायला, आणि रसासाठी शेजारणीकडे जातात. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, "तुमच्या आवडीची एक घ्या आणि पक्ष्याच्या आवडीची एक घ्या." साध्या लाल जास्वंदीची फांदी आमच्याकडे कुणाच्याही कुंपणावरून मागून आणता येते. तिला पैसे पडत नाहीत आणि ती पावसात खोचली की लागते.

फुलांचाही स्वभाव असतो. ज्या फुलांनी पक्ष्यांवर भिस्त ठेवली आहे, त्यांच्यात मकरंद मुबलक आणि पातळ असतो, रंग बहुधा लाल किंवा केशरी, आणि वास जवळजवळ नाही. पक्ष्यांचा भर डोळ्यांवर, नाकावर नाही. मधमाशीला लाल रंग नीट ओळखू येत नाही, त्यामुळे लाल फुलातला साठा पक्ष्यासाठी शिल्लक राहण्याची शक्यता वाढते. कोकणातल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हा सगळा हिशेब डोळ्यांपुढे मांडलेला असतो. काटेसावर आणि पांगारा पानं टाकून नुसत्या लाल फुलांनी भरतात, डोंगरउतारावर धायटीच्या काटक्या लालभडक होतात, पळस फुलतो. काटेसावरीवर मैना, कावळे, कोतवाल, बुलबुल अशी जत्रा असते आणि त्या धांदलीत शिंजीर कडेकडेने आपला वाटा उचलत असतो. मागे मोकळी जागा असलेल्या प्रत्येक घराला मी एक पांगारा सुचवते. कुंपणाला लावला तर तो कुणाच्या आड येत नाही, आणि त्याच्या फांद्यांवर मिरीचे वेल चढवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच.

शिंजिरांची आणखी एक मोठी पंगत केळीवर बसते. केळफुलाचं एकेक जांभळं आवरण वर वळतं आणि त्याखाली फुलांची ओळ उघडी पडते. रात्री वटवाघळं तिथे येऊन जातात, सकाळी शिंजीर येतात. पक्षी त्या वळलेल्या आवरणावर किंवा खालच्या टोकाला उलटा लटकून एका टोकापासून सुरुवात करतो आणि ओळीतल्या फुलांत क्रमाने चोच घालत जातो. एका जागेवर बसून एवढा रस दुसऱ्या कोणत्या फुलात मिळत असेल असं मला वाटत नाही. आणि इथेच आमच्या घरात दोन गरजा समोरासमोर येतात, कारण केळफुलाची भाजी सासूबाईंच्या हातची, काळे वाटाणे घालून केलेली, आम्हा सगळ्यांना प्रिय. केळी धरून झाली की खालचं केळफूल कापायचं, ही रीतच आहे. त्यामुळे घडही चांगला पोसतो, असं जाणती माणसं सांगतात. मी पक्ष्यांच्या नोंदी सासूबाईंना वाचून दाखवल्या, तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. "दोन केळींचं आपण घेऊ, तिसरीचं त्यांना राहू दे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून एका केळीचं फूल शेवटपर्यंत राखलेलं असतं. ते रोज एक-दोन आवरणं उघडत पुष्कळ दिवस चालतं, आणि बाकी फुलं कमी असलेल्या काळात त्याचा आधार फार मोठा असतो.

आंब्यावरच्या बांडगुळाचा प्रश्न याहून अवघड. बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ घालून पाणी आणि क्षार ओढतं, फांदी खंगते, म्हणून बागायतदार ते छाटतात आणि त्यांचं बरोबरच आहे. पण हिवाळ्यात त्याला केशरट नळीदार, किंचित बाकदार फुलं येतात, तेव्हा आमच्या रायवळ आंब्यावर शिंजिरांची दिवसभर ये-जा असते. ही फुलं आणि ही चोच एकमेकांच्या मापाची आहेत. जास्वंदीवर मागून जाणारा पक्षी इथे पुढून येतो आणि कपाळावर पराग घेऊन जातो. वहीत इथे "पुढून" असं लिहिलेलं असतं.

या नात्याचा अभ्यास आपल्या कोकणातच झाला आहे, हे मी आवर्जून सांगते. १९३०च्या सुमारास सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. सुगरणीच्या घरट्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध काम तिथलंच. त्याच वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा काय, यावर त्यांचा लेख आला. पुढे १९३२मध्ये भारतातले फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर विसंबणारी फुलं असा मोठा पट त्यांनी त्याच नियतकालिकात मांडला. शिंजीर बांडगुळाच्या फुलातला रस पितो आणि परागीभवन करतो. फुलटोच्या त्याचं फळ खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतो. एक चिमुकला पक्षी फुलाचं काम करतो, दुसरा फळाचं, आणि दोघांच्या मिळून कामावर ही वनस्पती जगते. आमच्या आंब्यावरचं बांडगूळ आम्ही दरवर्षी आवरतो, पण फुलं संपेपर्यंत एक जाळं राखतो. हापूसच्या बागेत असं करा, असं मी कुणाला सांगणार नाही. घरच्या जुन्या रायवळावर मात्र एवढी जागा देता येते.

फुलं भरात असली म्हणजे शिंजिरांचं वेळापत्रक समजू लागतं. जांभळ्या शिंजिराचा नर जास्वंदीच्या रांगेचा एक तुकडा आपला मानतो. गडग्यावरच्या वाळक्या काटकीवर बसून तो टिवटिवत राहतो आणि दुसरा नर आला की सरळ अंगावर जातो. पंचरंगी जोडी त्याच्या नजरेआडून, तो शेवग्यावर गेला की आत शिरते. तो स्वतः ज्या फुलातला रस पितो, त्याच फुलाकडे लगेच परतत नाही. रस पुन्हा साठायला वेळ द्यावा लागतो, आणि त्याची फेरी त्या वेळेला धरूनच चाललेली दिसते. सकाळची पहिली फेरी सगळ्यांत घाईची असते, कारण आठ-दहा ग्रॅमच्या अंगात रात्रभर पुरेल एवढीच शिदोरी असते. दुपारच्या उन्हात तो पानांच्या दाटीत दिसतो, आणि तिथे जे करतो तेच माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

तिथे तो मांसाहार करतो. पानाच्या खालच्या बाजूला उलटा लटकून बारीक अळ्या उचलतो, फुलाभोवती घोंगावणारी चिलटं हवेतल्या हवेत धरतो. पंचरंगी मादी पागोळ्यांच्या वाशांखाली, न्हाणीघराच्या खिडकीच्या कोपऱ्यात, गडग्याच्या फटींत कोळिष्टकांपुढे क्षणभर तरंगते आणि जाळ्याच्या मधोमध बसलेला कोळी अलगद उचलते. हे वर्षभर चालतं. विणीचा काळ आला की त्याला वेग येतो.

पंचरंगी शिंजिराचं घरटं आमच्याकडे एकदा कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, तर एकदा पडवीबाहेर लोंबणाऱ्या बोगनवेलीच्या काटकीला होतं. लांबून बघणाऱ्याला काटकीला अडकलेला कचराच वाटावा. काटक्या, गवताचे तंतू, वाळक्या सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं काहीबाही लोंबत असतं, वरच्या बाजूला प्रवेशाचं भोक आणि त्याच्यावर छोटी पडवी. हे सगळं एकत्र धरून ठेवतो तो कोळ्याच्या जाळ्याचा धागा. मादी जाळ्यातून धागा चोचीवर गुंडाळून आणते आणि घरट्याभोवती ओढून घेते. धागा चिकट, ताणला तरी न तुटणारा आणि पावसाच्या शिंतोड्यांना पुरून उरणारा. दोन अंडी, साधारण दोन आठवडे उबवण, आणि मग पिल्लांचा घास सुरू होतो.

पिल्लांना काय भरवतात, हे बघण्यासाठी मी दुर्बीण घेऊन पुरेशा लांब अंतरावर बसते. आई-वडील दोघेही आणतात. चोचीत कोळ्याचे पाय बाहेर आलेले दिसतात, कधी हिरवी अळी लोंबत असते, कधी पारदर्शक पंखांची माशी. मकरंदात साखर असते, ताकद असते. पण पिसं, स्नायू, हाडं घडवायला लागणारी प्रथिनं त्यात जवळजवळ नसतात. एवढ्याशा मांसाच्या गोळ्याला अडीच आठवड्यांच्या आत उडायला लागेल असं शरीर घडवायचं असतं, आणि ते अळ्यांवर, माश्यांवर, कोळ्यांवर घडतं. फूल हा मोठ्या पक्ष्याचा खुराक झाला. बागेत पुढची पिढी वाढते ती किड्यांवर.

माझ्या कामाची सगळी दिशा या एका गोष्टीने ठरली आहे. शिंजीर रस प्यायला येतो, त्याने बागेबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. पाहुणा म्हणून तो गच्चीतल्या चार कुंड्यांवरही येऊन जाईल. घरटं करून दोन पिल्लं उडवून नेली, तर ती बाग त्याला खरोखर पुरली.

अशाच एका बागेतले काका मला एप्रिलमध्ये फोन करून म्हणाले, "ताई, जास्वंदीला मावा पडलाय. औषध मारून घेऊ का? माणूस उद्या येतोय." त्यांच्या पोर्चच्या दिव्याला घरटं होतं, हे मला माहीत होतं. मी गेले, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "काका, अर्धा तास नुसतं बघा, ही मादी कुठून काय आणते ते." ती त्याच जास्वंदीवर जात होती. शेंड्यांवरून, पानांमागून बारीक काहीतरी टिपत होती आणि सरळ घरट्याकडे येत होती. मी त्यांना समजावून सांगितलं, की काही औषधं नुसती पानावर राहत नाहीत. झाड ती शोषून घेतं आणि ती परागात आणि मकरंदातही उतरतात. म्हणजे मोठ्यांचा रस आणि पिल्लांचा घास, दोन्हींत ती जाणार. काकांनी फवारणीच्या माणसाला नको म्हणून कळवलं. आम्ही जास्त माखलेले शेंडे हाताने खुडले, उरलेल्यांवर पाण्याचा फवारा मारला. पुढच्या दिवसांत लेडीबर्ड भुंगेरे आले आणि त्यांच्या अळ्यांनी माव्यावर ताव मारला. पिल्लं उडाली त्या दिवशी काकांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांना दिव्याचा बल्ब बदलायचा होता आणि घरटं काढावं की राहू द्यावं, हे विचारायचं होतं.

गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी घरोघरी साफसफाई होते, तेव्हा मी आणखी एक विनंती करते. दर्शनी भाग, देवघर, माजघर लख्ख करा. मागच्या पडवीच्या वाशांना, गडग्याच्या फटींना, न्हाणीघराच्या मागच्या बाजूला झाडू लावू नका. पंचरंगी शिंजिराची वीण वर्षातल्या बहुतेक महिन्यांत चालू असू शकते. त्याला घर बांधायला धागा आणि पिल्लांना घास, दोन्ही त्या कोळिष्टकांतून मिळतात. हे सांगितलं की बहुतेक बायका लगेच मान्य करतात. ज्या घरात सतत भरवण्याचं काम चालतं, तिथे याचं महत्त्व फार समजावून सांगावं लागत नाही.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगाव्यात का, असंही लोक विचारतात. लाल प्लास्टिकची फुलं लावलेल्या त्या बाटल्या आता सहज मिळतात. मी नको म्हणते. आमच्या दमट उकाड्यात साखरेचं पाणी एका दिवसात आंबू लागतं, बाटली रोज उकळत्या पाण्याने धुतली नाही तर आत बुरशी धरते, मुंग्या लागतात. शिवाय त्या पाण्यात फुलाभोवतीची चिलटं नसतात, फुलापासून फुलापर्यंतची फेरी नसते. तेवढ्या किमतीत साध्या लाल जास्वंदी, रसेलियाचं झुडूप आणि शंकासुराचं रोप येतं, आणि ती वर्षानुवर्षं स्वतःच रस भरतात. पाणीच द्यायचं असेल तर अळूची पानं राखावीत. सकाळी दवाने किंवा पाइपच्या फवाऱ्याने ओल्या झालेल्या पानांवर शिंजीर अंग घासून अंघोळ करतात आणि थेंब पितात. उथळ पातेल्यापेक्षा त्यांना हे जास्त आवडतं.

पावसाळ्यात आमच्याकडे दिवसचे दिवस धार लागलेली असते. उघडी फुलं पाण्याने भरतात, रस पातळ होऊन वाहून जातो. त्या दिवसांतल्या नोंदी चाळल्या, की फुलांपेक्षा पानांखालचं, सालीतलं, वाशांमधलं टिपणंच जास्त दिसतं. खाली झुकणारी फुलं तेवढी उपयोगी पडतात. मिटल्यासारखी राहणारी मिरची जास्वंद या काळात हटकून वापरात असते, कारण तिच्या गुंडाळलेल्या पाकळ्यांत पाणी शिरत नाही. म्हणून घराच्या पावसाळी बाजूला, छपराच्या आडोशाला, मी ती लावायला सांगते. बाग आखताना आपण बहुधा दिवाळीनंतरच्या बहराचा विचार करतो. पक्ष्याच्या दृष्टीने बागेची परीक्षा जुलैत असते.

आता कुणी बागेचा कागद पुढे ठेवला, की मी महिन्यांपासून सुरुवात करते. हिवाळ्यात काय फुलेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी काय, धो धो पावसात काय, आणि पाऊस सरल्यावर काय. त्यात एक केळ, साधी जास्वंद, शेवगा, जागा असेल तर पांगारा, आणि माडाची पोय फुटली की तिच्यावरही शिंजीर येतात म्हणून माड. मग कागदाचा मागचा कोपरा मी रिकामा सोडते. तिथे पालापाचोळा उचलायचा नाही, रानटी झुडपं खुडायची नाहीत, फवारायचं नाही. घरमालकांना सगळ्यांत जड जातं ते हेच, कारण त्या कोपऱ्याला दाखवण्यासारखं काही नसतं. त्या कोपऱ्यासाठी मी पैसे घेत नाही, पण तो नसेल तर पक्ष्यांची बाग म्हणून काम घेत नाही.

आणि रोपं घ्यायला माझ्याकडे किंवा कुणाकडेही येण्याआधी एक काम घरच्या घरी करता येतं. सकाळी उन्हं तिरपी असताना खुर्ची टाकून बसा आणि आत्ता तुमच्या अंगणात जे आहे, त्यातलं शिंजीर काय खातो ते लिहून काढा. कुंपणावरची जुनी जास्वंद, गडग्यातली कोळिष्टकं, शेजारच्या आंब्यावरचं बांडगूळ, असं बरंच काही निघेल. आधी ते राखा. नवीन काय लावायचं, ते त्यानंतर ठरवू.